ध्वनीची प्रबलता

ध्वनीची प्रबलता म्हणजे एखादा आवाज ऐकणाऱ्याला किती लहान वा मोठा भासतो, ते दर्शविणारा गुणधर्म होय. ध्वनीची तीव्रता ही उपकरणाने मोजता येणारी भौतिक राशी आहे. प्रबलता ही कान व मेंदू यांच्या कार्यातून निर्माण होणारी संवेदना आहे. त्यामुळे समान तीव्रतेचे दोन आवाज सारखेच मोठे वाटतील असे नाही.

डेसिबल श्रेणी

जेमतेम ऐकू येणारा ध्वनी आणि कानाला वेदना देणारा ध्वनी यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर सुमारे १ : १ लाख कोटी इतके असते. हा विस्तार मांडण्यासाठी डेसिबल ही लॉगरिथमी श्रेणी वापरतात. पातळी १० डेसिबलने वाढली की तीव्रता दहापट होते, परंतु आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटतो. एका ध्वनिवर्धकाशेजारी तसाच दुसरा लावल्यास पातळी सुमारे ३ डेसिबलनेच वाढते.

वारंवारतेचा परिणाम

मानवी कान सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. कर्णनलिकेतील अनुस्पंदन हे त्याचे एक कारण आहे. खर्जातील ध्वनी तितकाच मोठा वाटण्यासाठी त्याची पातळी बरीच अधिक असावी लागते. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये समप्रबलता वक्र प्रसिद्ध केले. प्रबलता पातळीचे एकक 'फोन', तर प्रबलतेचे एकक 'सोन' आहे. १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबल स्वराची प्रबलता १ सोन मानतात.

कायदेशीर मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. छत्रपती संभाजीनगर येथील 'घाटी' म्हणून ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय हे अशा संस्थेचे उदाहरण होय.

निवासी भागात मिरवणुकीचा आवाज ८५ डेसिबल भरल्यास तो दिवसाच्या मर्यादेहून केवळ ३० ने जास्त दिसतो. प्रत्यक्षात तीव्रता हजारपट व प्रबलता सुमारे आठपट असते. शिवाय 'ए' मापनपद्धती हळू आवाजांच्या वक्रावर बेतलेली असून ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा करते. मोठ्या आवाजात मात्र कानाला खर्ज अधिक जाणवतो व तो भिंतींतूनही सहज पार होतो. त्यामुळे डीजेच्या दणक्याचा त्रास या आकड्यात पुरता उतरत नाही.

श्रवणदोष

मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील केसपेशी नष्ट झाल्यास त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. अशा व्यक्तीला हळू बोलणे ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढताच तो असह्य होतो. वृद्ध माणूस प्रथम 'मोठ्याने बोला' आणि लगेच 'ओरडू नका' म्हणतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.