शिवेवरचा पहारा

शीव म्हणजे हद्द. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडे होती, म्हणून गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या अमदानीत (१६६९–७७) इथल्या टेकडीवर किल्ला झाला.

संगणकालाही शीव लागते. कानपूर आयआयटीत शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत असताना फाइल पाठवण्याचे नियम लिहिले. परवलीचा शब्द त्यात होता, पण तो तारेवरून उघडाच जाई!

१९८८ मध्ये आलेल्या एएस/४०० घराण्यातल्या आयबीएम यंत्रांवर सर्व्हरची 'जॉब्ज' आधीच तयार बसलेली असतात. पाहुण्याची ओळख पटली की जॉब त्याच्या अधिकारानं चालतो. जॉबच्या नावात मात्र सर्व्हरचाच वापरकर्ता राहतो. मग फाइल नेली कोणी? नुसत्या नावावरून कळत नाही. त्यासाठी 'एक्झिट प्रोग्राम' हा पहारेकरी प्रत्येक मागणी तपासून हो-नाही सांगतो. मात्र तो आपणहून येत नाही, बसवावा लागतो.