साडेतीन मिलिमीटरचं छिद्र

आमच्या हिंगोलीकडे माणूस जुनी गाडी घ्यायला गेला की तीन गोष्टी विचारतो. ॲव्हरेज किती देते, शीट किती बसतात आणि टेप कसा आहे. यातला 'टेप' हा शब्द मोठा चिवट. गाडीतून कॅसेट जाऊन जमाना झाला, मधे सीडी आली आणि गेली, आता तर गाणं हवेतून येतं, पण मागच्या शीटवरून हुकूम सुटतो तो "टेप लाव की रे" असाच!

आज त्या टेपचा थोडा इतिहास लिहावा म्हणतो. खरं तर टेपचाही नव्हे, त्याला आपलं गाणं बाहेरून आणून जोडण्याचा. खिशातलं यंत्र नवं, गाडीतलं यंत्र जुनं आणि मधे एक वायर, एवढीच गोष्ट. पण विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही. (आमच्या घरच्या मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचायचंच आहे, त्यांच्यासाठी काम ठेवलंय.)

गाडीत संगीत आलं ते रेडिओच्या रूपाने. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी त्यातल्या त्यात परवडेल असा कार रेडिओ बाजारात आणला. 'मोटर' या शब्दाला त्या काळच्या ग्रामोफोनांच्या नावांत असायचं तसं 'ओला' हे शेपूट जोडून त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. रेडिओची अडचण एकच. तो लावेल ते आपण ऐकायचं. गाडी माझी, पेट्रोल माझं, मग गाणं माझ्या पसंतीचं का नको, असं मोटारवाल्याला वाटणारच. त्यावर १९५६ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने गाडीत चक्क तबकडी वाजवायचं यंत्र बसवलं. नाव 'हायवे हाय-फाय'. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून त्यात बरीच हुशारी केलेली होती, पण त्याच्या तबकड्या निराळ्या. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरणाऱ्या, खास त्याच्यासाठीच काढलेल्या. घरात हौसेने जमवलेल्या रेकॉर्ड गाडीत निरुपयोगी! थोड्याच वर्षांत हे प्रकरण गुंडाळलं गेलं. ज्या यंत्राला फक्त स्वतःच्याच घरचं चालतं, ते फार दिवस चालत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

दुसरा धडा कॅसेटचा. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. ती तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख लू ऑटेन्स २०२१ मध्ये वारले. कॅसेटच्या यशात तिच्या छोटेपणाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा आहे एका निर्णयाचा. सोनीच्या आग्रहामुळे फिलिप्सने हा आराखडा इतर कंपन्यांना फुकट वापरू दिला. परिणाम असा की जपानात भरलेली कॅसेट जर्मनीतल्या टेपात चालली आणि दिल्लीत भरलेली आमच्या औंढ्याच्या जीपमध्ये. कुणी काढली, कुणी भरली, याची टेपला पंचाईत नव्हती.

आपल्याकडे या मोकळेपणाचा खरा फायदा दिसला १९८० च्या दशकात. तोवर रेकॉर्डचा बाजार म्हणजे मुख्यतः एचएमव्ही. मग गुलशनकुमारांच्या टी-सिरीजने आणि इतर छोट्या-मोठ्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटचा पूर आणला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने यावर १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की कॅसेटमुळे गाणं काढायला मोठी कंपनी, मोठं शहर, मोठं भांडवल लागेनासं झालं. बोलीभाषांतली, प्रांताप्रांतांतली, जातीजमातींची गाणी बाजारात उभी राहिली. आमच्याकडे याचा अर्थ सांगायला पुस्तक नको. हिंगोली-औंढा, औंढा-वसमत, कळमनुरी, सेनगाव अशा रस्त्यांवर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलं की पुरे. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं एकाच जीपमध्ये, एकाच ड्रायव्हरच्या डब्यातून वाजायची. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण आकाशवाणी परभणीचीच राहिली. डॅशबोर्डवरच्या कॅसेटी मात्र ज्याच्या त्याच्या. आणि जीपच कशाला, हळदीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरही टेप असायचाच. इंजिनाच्या वर आवाज काढायचा म्हणजे केवढे ते स्पीकर!

आता एक लक्षात घ्या. त्या जीपमध्ये किंवा अँबॅसडर-पद्मिनीत टेप सहसा कंपनीकडून आलेला नसायचा. तो शहरातून आणायचा आणि इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यायचा. लाल वायर किल्लीवर, पिवळी थेट बॅटरीवर, काळी बॉडीला, की झालं काम. खराब झाला तर चार स्क्रू काढून दुसरा. डॅशबोर्डमधल्या त्या आयताकृती खणाचंही जर्मनांनी माप ठरवून टाकलं होतं, साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच, त्यामुळे कुठलाही टेप कुठल्याही गाडीत बसे. पुढे 'कंपनी फिटेड' स्टिरिओचा जमाना आला. दिसायला देखणा, डॅशबोर्डच्या वळणात वळलेला, पण काढता येत नाही, बदलता येत नाही आणि वायर कापली तर शोरूमवाला म्हणणार वॉरंटी गेली. म्हणजे गाडी आपली, पण टेप कंपनीचा.

आणि नेमकं याच काळात खिशातलं यंत्र मात्र भराभर बदलत होतं. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, मग खिशातली सीडी, २००१ च्या ऑक्टोबरात हजार गाणी मावणारा आयपॉड आणि त्याच्या मागोमाग आपल्या बाजारात हजार-पाचशेला मिळणारे चायना एमपी-थ्री प्लेअर. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते, खिशातलं यंत्र दोन-तीन वर्षांत म्हातारं होतं. मग या दोघांची सोयरीक जुळवायची कशी?

पहिली युक्ती मला आजही थक्क करते. कॅसेटच्या आकाराचा एक प्लॅस्टिकचा तुकडा, त्यातून बाहेर आलेली एक वायर. आत फीत नाहीच! टेपचं हेड असतं ते खरं तर फीत ओळखतच नाही. त्याच्यासमोरचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्याची ते वीज करतं, एवढंच त्याचं काम. मग फितीऐवजी हेडला हेडच भिडवलं तर? प्लेअरमधून आलेली वीज एका हेडने चुंबकीय करायची, समोरच्याने ती पुन्हा विजेत आणायची. आत दोन-चार दातेरी चाकं टाकायची, म्हणजे फीत फिरतेय असं टेपला वाटतं आणि तो बंद पडत नाही. लॅरी श्कॉट्झ नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही करामत, १९८० च्या दशकातली. तेव्हा हेतू होता सीडी प्लेअर गाडीत वाजवण्याचा. एमपी-थ्री कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, पण वीस वर्षांनी आयपॉडही त्याच तुकड्यातून वाजला.

दुसरी युक्ती, छोटा एफएम ट्रान्समीटर. प्लेअर स्वतःच इवलंसं रेडिओ स्टेशन होतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. ब्रिटनमध्ये हे यंत्र वापरणं डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होतं, विनापरवाना प्रक्षेपण म्हणून! मुंबई-पुण्यात खाजगी एफएमची गर्दी झाल्यावर मोकळी जागा शोधताना माणूस मेटाकुटीला यायचा. आमच्या माळावर मात्र रेडिओचा पट्टा जवळजवळ रिकामा, कुठेही लावा, स्वच्छ ऐकू येई. मागासलेपणाचाही कधी कधी फायदा होतो तो असा.

आणि तिसरी, सगळ्यांत साधी युक्ती म्हणजे 'ऑक्स'. स्टिरिओच्या तोंडावर साडेतीन मिलिमीटरचं एक गोल छिद्र. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घ्या, एक टोक प्लेअरच्या इअरफोनच्या जागी, दुसरं गाडीत. या पिनेचं घराणं फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर एका माणसाची लाइन दुसऱ्याला जोडायला जी जाड पिन वापरायचे, तिचीच ही नात. ट्रंक कॉल ज्यांनी लावलेत त्यांनी त्या पिनेचा खटका फोनवरून ऐकलाही असेल. ऑक्सचे दोष होतेच. त्याच वेळी चार्जरही लावला तर अर्थिंगचा फेरा पूर्ण होऊन इंजिनाच्या रेसबरोबर कुंईऽऽ असा आवाज गाण्यात मिसळायचा. पण या छिद्राचा एक गुण असा, की ते कधीच 'तू कोण' म्हणून विचारत नाही. पलीकडे नवा फोन आहे, सीडी आहे, रेडिओ आहे की चाळीस वर्षांपूर्वीचा वॉकमन, त्याला कर्तव्य नाही. वीज आली की ते वाजतं.

हे मला कळलं ते साधारण २०१० साली. घरात पहिल्यांदाच कंपनी फिटेड स्टिरिओची गाडी आली होती, त्यात कॅसेटला जागा नव्हती. नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला निघालो तर काकांनी पिशवीतून वॉकमन काढला आणि एक कॅसेट. गावच्या सप्ताहात आजोबांचं कीर्तन झालं होतं, ते काकांनी १९८८ साली टू-इन-वन समोर धरून भरलेलं. वायर लावली. आधी नुसती खरखर, मग टाळ, मागे कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी कुणाला तरी पुढे सरकायला सांगतंय आणि मग आजोबांचा आवाज. आजोबा जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. गाडीत सात माणसं, त्यातल्या दोघांनी आजोबांना पाहिलेलंही नव्हतं. नर्सी येईपर्यंत कुणी बोललं नाही. आत्याने फक्त एकदा सांगितलं, "आवाज वाढव थोडा."

आता विचार करा, ती कॅसेट कुठल्या दुकानात मिळणार? कुठल्या ॲपवर सापडणार? शिंद्यांची गाणी आज फोनवर मिळतात, चांगलंच आहे. पण सप्ताहातलं कीर्तन, आयाबायांच्या ओव्या, जयंतीच्या रात्री वस्तीतल्या गायन पार्टीने म्हटलेली गाणी, लग्नात कुणीतरी हौसेने भरून ठेवलेले विहिणींचे टोमणे, हे ज्या फितीवर आहे त्याच फितीवर आहे. त्याची दुसरी प्रत नाही.

आणि छिद्रं मात्र बुजत चालली आहेत. २००४ साली बीएमडब्ल्यूने गाडीत थेट आयपॉड जोडायची सोय केली तेव्हा केवढं कौतुक झालं. पुढे आयपॉडसाठीच्या खास वायरी बऱ्याच गाड्यांत आल्या. २०१२ मध्ये ॲपलने ती रुंद पिनच बदलली आणि त्या सगळ्या वायरी गाडीतल्या गाडीत लोंबकळत राहिल्या. २०२२ मध्ये तर आयपॉडच बंद झाला. अमेरिकेत कॅसेटचा टेप कंपनीकडून बसवून आलेली शेवटची गाडी २०१० च्या मॉडेलची लेक्सस मानतात. २०१६ मध्ये आयफोनने इअरफोनचं छिद्र काढून टाकलं, आणि आता नव्या कितीतरी गाड्यांतूनही ऑक्स नाहीसा झालाय. राहिले यूएसबी आणि ब्लूटूथ. यूएसबी विचारतं, फाइल कुठल्या प्रकारची? ब्लूटूथ विचारतं, नाव काय, ओळख आहे का? त्यापुढचा पडदा विचारतो, खातं आहे का, पैसे भरलेत का? सोय फारच वाढली, खोटं कशाला बोला. कुंई आवाज नाही, वायरीचा गुंता नाही. फक्त दारावर रखवालदार बसलाय, आणि आजोबांच्या खिशात ओळखपत्र नाही.

वॉकमनला जोडायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर बाजारात मिळतो, हे मला माहीत आहे. पण तो जोडायचा कुठे? वॉकमनच्या त्याच साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रात! तेव्हा ते छिद्र असलेली यंत्रं घरात चालू आहेत तोवर काम उरकायला हवं. चालू टेप, एक वायर आणि इनपुटची जागा असलेला एखादा कॉम्प्युटर, एवढं पुरतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही, आणि शेजारी बसून ऐकावं लागतं. तो तोटा आहे की फायदा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मग पेन ड्राइव्हवरून ते नव्या गाडीतही वाजेल, फोनवरूनही वाजेल. ओळखपत्र मिळालं म्हणायचं!

तर घरच्या मंडळींसाठी काम हे. वसमतच्या मावशी, कळमनुरीचे दादा-वहिनी, पुण्याची पोरं, सगळ्यांनी पेट्या, कपाटांचे वरचे कप्पे आणि माळे बघा. फितीला ओल आणि ऊन दोन्ही सोसत नाही, तेव्हा कॅसेट सापडली की वाजवून बघायच्या फंदात पडू नका, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. काकांच्या वॉकमनचा रबरी पट्टा सैल झाला होता, तो मी बदलून घेतलाय. बाकीच्या ब्लॉगवाल्या मित्रांनीही आपापल्या घरी हे करून बघावं आणि काय सापडलं ते लिहावं.

दिवाळीला येताना कॅसेटी घेऊन या. वर नाव लिहिलेलं नसलं तरी चालेल.