जुना पीसी अपग्रेड करताय? आधी सिक्युरिटीकडे बघा

ताथवडे-हिंजवडी पट्ट्यात वर्क फ्रॉम होमसाठी घेतलेले आणि आता मुलांच्या अभ्यासाला लागलेले बरेच लॅपटॉप आहेत. तक्रार ठरलेली: "रॅम वाढवली, पैसे गेले, तरी मशीन रखडतंच. अँटीव्हायरस काढला तर भीती, ठेवला तर स्लो." या दोन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून सुटे पार्ट आणण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

मशीन नक्की कशामुळे अडतंय?
टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल वाचून तपासतो आणि फिरणाऱ्या डिस्कला तो वेग झेपत नाही. अशा वेळी रॅमपेक्षा एसएसडीचा उपयोग जास्त होतो. रॅमच हवी असेल तर डीडीआर-३ की डीडीआर-४ ते आधी पाहा. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

दोन अँटीव्हायरस का नकोत?
विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो सहसा आपोआप बाजूला होतो. पण बाहेरचे दोन एकत्र ठेवले तर दोघंही त्याच फाइलवर झडप घालतात आणि मशीन हँग होतं. मुदत संपलेला अँटीव्हायरस नुसता पडून ठेवू नका. तो अनइन्स्टॉल करा. अवशेष राहिले तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा.

दुरुस्ती आणि सिक्युरिटी यांचं नातं पुण्याला नवं नाही. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९५ च्या सुमारास क्विक हील आला. २००७ मध्ये कंपनीलाही तेच नाव मिळालं.

सगळ्यात मोठा धोका: बिटलॉकर
अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला ते माहीतच नसतं. बायॉस अपडेट केला, मदरबोर्ड बदलला किंवा जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं परत मिळत नाहीत. दुकानदारही काही करू शकत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की शोधून आधीच कागदावर उतरवा.

विंडोज ११ चालेल का?
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे चालतात. "टीपीएम नाही" असा मेसेज आला तर लगेच नवा पीसी घेऊ नका. बऱ्याचदा ते बायॉसमध्ये फक्त बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम या नावानं शोधा. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र रॅम वाढवून ही अट पूर्ण होत नाही.

दुकानात जाण्याआधी
१. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि एकदोन फाइल उघडून बघा.
२. बिटलॉकरची की आणि अँटीव्हायरसची लायसन्स की लिहून ठेवा.
३. मदरबोर्ड बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा.
४. एका वेळी एकच पार्ट बदला, म्हणजे बिघाड कुठला ते कळतं.
५. काम झाल्यावर अँटीव्हायरस चालू आहे ना, ते घरी येऊन स्वतः बघा.

पार्ट चुकला तर परत देता येतो. बॅकअपशिवाय गेलेला डेटा मात्र परत येईलच असं नाही.