रविवारची गडवाट

सह्याद्रीतल्या एकदिवसीय भटकंतीचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात बहुधा शिवकाळापासून होते. आधी मावळे, मग गो. नी. दांडेकरांची दुर्गभ्रमंती, बाबासाहेब पुरंदऱ्यांची व्याख्याने आणि शेवटी पाठीवर सॅक टाकून निघालेली आजची पोरे. ही वंशावळ ऐकायला छान वाटते, पण एका साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडत नाही. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या पंधरा-वीस जणांनी पहाटे घर सोडावे, गड चढावा आणि त्याच रात्री घरी परतावे, ही रीत आली कुठून? मावळ्याला संध्याकाळी गड उतरून घर गाठायची घाई नव्हती, तो तिथे चाकरीलाच होता. माझ्या मते ही रीत मुंबईच्या घड्याळाने घडवली. रेल्वेने तिला वेळ आखून दिली, साप्ताहिक सुट्टीने माणसे दिली. गडांनी फक्त जायचे ठिकाण दिले, आणि तेही बऱ्याच अंशी स्टेशन किती जवळ यावर ठरले.

आधी वाटांकडे पाहू. आपण आज ज्यांना ट्रेकचे मार्ग म्हणतो त्यातले कित्येक मुळात मालाच्या वाहतुकीचे रस्ते. जुन्नरची बाजारपेठ कोकणातल्या बंदरांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. अशा घाटांनी शतकानुशतके बैल, तट्टू आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसे चढत-उतरत राहिली. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये तोच घाट रेल्वेने ओलांडला आणि दोनच वर्षांत थळघाटातूनही गाडी वर इगतपुरीला पोचली. माल तिकडे वळला आणि शेजारच्या घाटवाटा ओस पडत गेल्या. उरली ती ठाकर, महादेव कोळी आणि धनगरांची रोजची ये-जा. म्हणजे ज्या रेल्वेने या वाटा रिकाम्या केल्या, तिनेच पुढे दोन-तीन पिढ्यांनी शहरातला हौशी चालणारा त्यांच्या पायथ्याशी आणून सोडला. मुंबईकराच्या लाडक्या एकदिवसीय गडांची यादी काढा: आसनगावहून माहुली, नेरळहून पेब, कर्जतहून कोथळीगड, मळवलीहून लोहगड-विसापूर. ही यादी बखरीपेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकाशी जास्त जुळते. 1672 मध्ये साल्हेरच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. इतिहासाच्या मोजमापाने पेब त्याच्या जवळपासही येत नाही. पण बागलाणातला साल्हेर मुंबईकराच्या एका दिवसात बसत नव्हता, पेब बसत होता. पुण्याचा सिंहगड याला अपवाद वाटेल. तो अपवाद नाही, कारण तिथे स्टेशनचे काम शहराच्या बसने केले.

नुसती गाडी असून मात्र भागत नाही. गट जमायचा तर सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक हवी. सरकारी कचेऱ्यांना रविवार राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे आयता मिळाला होता, गिरण्यांना तो नव्हता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरण्यांनाही रविवार मिळावा ही मागणी लावून धरली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण या मागणीमागे दिले गेल्याचे सांगतात. मालकाला पटेल आणि मजुराच्या घरातही रुजेल असे ते कारण होते, यात लोखंड्यांची चतुराई दिसते. या दोन रविवारांची सांगड पडली तेव्हा सगळ्या शहराला मिळून एक मोकळा वार मिळाला. भटकंतीच्या इतिहासात लोखंड्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ते घ्यायला हवे.

या घड्याळाची छाप गटाच्या सगळ्या तयारीवर दिसते. 1950च्या दशकापासून 'गिरिविहार'सारख्या संस्था उभ्या राहिल्या, दार्जिलिंगच्या संस्थेत गिर्यारोहण शिकून आलेल्यांनी दोर लावायचे शास्त्र इकडे आणले, आणि कार्यालयांत, महाविद्यालयांत, वसाहतींत छोटे गट निघाले. अशा गटाच्या सूचनापत्रात गडाच्या इतिहासाला दोन ओळी मिळाल्या तरी खूप. बाकी मजकूर वेळेचा असतो: कुठली लोकल, कितवा डबा, दादरला कुठल्या इंडिकेटरखाली भेटायचे, पायथ्याहून परतीची एसटी किती वाजता. मग वर्गणी, शिध्याची वाटणी, माणशी दोन लिटर पाणी, कारण मार्चनंतर टाक्यातल्या पाण्याचा भरवसा नसतो. चालताना वाट माहीत असलेला पुढे, कसलेला गडी पिछाडीला आणि खिंडीत पोचले की डोकी मोजणे. कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मागे रेंगाळलेला माणूस दहा पावलांत भलत्या नाळेत उतरतो, म्हणून हा बंदोबस्त. दुपारी तीनला माथा सोडायचा, हा नियम तर जवळजवळ श्रुतिवचनासारखा पाळला जातो. अंधाराची भीती त्यामागे आहेच. पण चुकलेली एसटी, तिच्यामागे चुकलेली लोकल आणि सोमवारी मस्टरवर पडणारी लाल रेघ, ही भीतीही तितकीच खरी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की समूहाने चालणे हे महाराष्ट्राला नवे नाही. वारी आहे, डोंगरावरच्या देवांच्या जत्रा आहेत. 1896 मध्ये टिळकांच्या उपस्थितीत रायगडावर शिवोत्सव झाला, तेव्हाही लोक गड चढूनच गेले. हे खरेच आहे. चालण्याची सवय आणि एकत्र जेवण्याचा संस्कार तिथून आला, हे मी नाकारत नाही. पण वारीचा दिवस तिथी ठरवते, जत्रेचा दिवस देव ठरवतो, आणि दोन्हीकडे माणूस बहुधा आपल्या गावाबरोबर, आपल्या दिंडीबरोबर जातो. रविवारच्या गटात तो दिवस सुट्टी पाहून निवडतो आणि सोबती वर्गणी भरून. मुक्काम टाळणे हा वारीत गुण नाही, इथे तीच सगळी आखणी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. रविवार गिरणी कामगारांनी मिळवला, मग गडांवर ते का दिसले नाहीत? इंग्लंडमध्ये मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांतली माणसे सुट्टीला गाडी पकडून माळरानांवर चालायला जात. 1932 मध्ये किंडर स्काउटच्या पठारावर जमीनमालकांची बंदी झुगारून ती सामूहिकपणे शिरली आणि काहींना तुरुंगात जावे लागले. मुंबईत भटकंतीचे गट भरले ते कारकून, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी. याचे कारण केवळ पैशात नाही. परळचा कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यातून आलेला. डोंगर हे त्याचे घर होते, ओझे घेऊन चढलेला घाट त्याच्या आठवणीत होता. होळी-गणपतीला तो तिकडे जायचाच. डोंगराकडे मौज म्हणून पाहायला त्याच्यापासून एक पिढी दुरावा लागतो, आणि तो दुरावा चाळीत जन्मलेल्या मुलांना मिळाला. इंग्लंडसारखी बंदी इथे चालणाऱ्यावर कधी आलीही नाही. 1878च्या वन कायद्याचा जाच झाला तो लाकूडफाटा आणणाऱ्या कातकरी-ठाकरांना.

उरला प्रेरणेचा मुद्दा. गोनीदांचे लेखन आणि पुरंदऱ्यांचे शब्द नसते तर हेच गट कदाचित धबधबे नि थंड हवेची ठिकाणे धुंडाळत राहिले असते. इतके श्रेय निर्विवाद. मात्र स्वतः गोनीदा गडावर दिवसच्या दिवस राहत, त्यांच्या भटकंतीला परतीच्या गाडीची घाई नव्हती. वाचकांनी त्यांचे वेड उचलले, पद्धत उचलली नाही. उचलता येण्यासारखी नव्हतीच, सोमवार होता.

हे सगळे आता सांगायचे कारण गर्दी. लोहगडाच्या दरवाजांत किंवा कलावंतिणीच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी खोळंबणाऱ्या रांगा पाहून जुने भटके संस्काराचा ऱ्हास झाला म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या रीतीचा जन्मच सगळ्यांना एका वारी मोकळे करण्यातून झाला, तिची परिणती गर्दीत होणारच. लोकलची जागा मिनीबसने घेतली आणि सूचनापत्राची मोबाइलने, म्हणून ती चौपट झाली इतकेच. उपदेशाने ती कमी व्हायची नाही. दुखणे वेळापत्रकाचे आहे, औषधही तिथलेच हवे: अरुंद वाटांच्या गडांवर आगाऊ नोंदणी, माणसांच्या संख्येला मर्यादा आणि दिवसांची विभागणी. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, बऱ्याच खासगी कंपन्यांत तो त्याआधीपासून आहे. तेव्हा गटप्रमुखांनी पुढच्या मोसमाच्या तारखा लावताना निम्म्या तरी शनिवारी लावाव्यात, आणि पायथ्याच्या वाडीत दुपारची पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवावी.