पूर्वजांची नावे आणि त्यांचे मोल

श्राद्धकर्मात पिता, पितामह व प्रपितामह अशी तीन नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. वसु, रुद्र व आदित्य या रूपांनी त्या तिघांचे चिंतन होते. मातामहादिकांचीही नावे त्यांच्या मागोमाग येतात. त्यापलीकडच्या चौथ्या पुरुषाचे नाव मात्र बहुतेक घरी कोणास सांगता येत नाही. शास्त्रकारांना मनुष्याच्या स्मृतीची ही मर्यादा पुरती अवगत होती. म्हणूनच नाव अज्ञात असल्यास पृथ्वीवर, अंतरिक्षात व द्युलोकी वास करणारे पितर अशा शब्दांनी, आणि गोत्र अज्ञात असल्यास काश्यप गोत्राने कर्म पूर्ण करावे, अशी सोय त्यांनी करून ठेवली आहे.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, अलीकडे पूर्वजांचा शोध हा एक मोठा व्यापार झाला आहे. वार्षिक वर्गणी भरा आणि आपली वंशावळ पाहा, असे आवाहन करणारी संकेतस्थळे घरोघरी पोचली आहेत, आणि दूरदेशी स्थायिक झालेले कित्येक तरुण भाविक ती वर्गणी श्रद्धेने भरतात. कुळाचे मूळ जाणण्याची इच्छा स्तुत्यच होय. परंतु वंशावळ विकत घेतल्यावाचून पितृऋण फिटत नाही, असा जर कोणाचा समज असेल तर त्यास शास्त्राचा आधार नाही. राहिला प्रश्न इतिहासाचा. पैसे देऊन मिळणारी माहिती अधिक खरी आणि फुकट मिळणारी कमी खरी, असे काही असते काय, हे पाहावयाचे तर मुळात आपल्याकडे वंशावळी लिहिल्या कोणी व कशासाठी, याचा विचार केला पाहिजे.

आपल्या देशात निव्वळ कौतुकापोटी वंशावळ लिहून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. बहुतेक वंशावळींच्या मागे वतन, इनाम, मानपान किंवा वाटणीचा तंटा असे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांचे हक्क वंशपरंपरेने चालत. हक्क सांगणाऱ्यास मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची मालिका दाखवावी लागे. इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, तेव्हा सनदा व कैफियती सरकारात दाखल झाल्या आणि त्यांच्याबरोबर कित्येक घराण्यांच्या पिढ्या कागदावर आल्या. बेळगाव व धारवाड हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे तिकडील घराण्यांच्या जुन्या इनामी कागदांचा शोध पुणे व मुंबई येथील दप्तरांतही घ्यावा लागतो, ही गोष्ट सीमाभागातील पुष्कळांच्या ध्यानात नसते.

हेतू असला म्हणजे कागद खोटाच ठरतो असे नाही. तथापि हेतू जाणल्यावाचून तो वाचू नये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. एवढी दीर्घ वंशकथा, तीही शिळेवर, आणि देवदर्शनास येणाऱ्या कोणासही विनामूल्य वाचावयास खुली! पण ती राजघराण्याने स्वतःच सांगितलेली आपली कथा आहे. निकटच्या पिढ्यांविषयी तिचा आधार घेणारे इतिहासकारही प्राचीन मूळ पुरुषांविषयीचे तिचे कथन तसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. याच्या उलट, महसुलाच्या चोपडीत कोण्या कारकुनाने नाइलाजाने लिहिलेले एक नाव पुष्कळदा अधिक विश्वासार्ह असते, कारण त्या नावाचा गौरव करण्याचे त्याला काहीच कारण नव्हते.

गोमंतकाचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. १५१० साली तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १५४३ साली बारदेश व साष्टी. पुढील दोन-तीन दशकांत देवालयांवर संकट आले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास नेण्यात आली. देवांमागून कुळेही निघाली. कोणी अंत्रूजात राहिले, कोणी घाट चढून बेळगावाकडे गेले, कोणी कारवार, मंगळूर व थेट कोचीनपर्यंत पोचले. या धावपळीत घरची भूर्जे नि कागद बरोबर नेण्यास कितींना उसंत मिळाली असेल! आज कोचीनकडील एखादे कुटुंब आपले मूळ शोधू लागले, तर त्याच्यापाशी सामान्यतः दोनच गोष्टी असतात, गोत्र आणि कुलदेवता. पण कुलदेवता हा काही लहानसहान पुरावा नव्हे. देवतेचे मूळ स्थान कळले की मूळ गाव, निदान त्याचा परिसर, कळतो. आणि त्यासाठी कोणासही छदाम मोजावा लागत नाही.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्यांनी देवालये मोडली त्यांच्याच हिशेबी वृत्तीने त्यांची आठवणही राखली. देवालयांच्या जमिनी राज्यसत्तेकडे व चर्चकडे वळविल्यावर त्यांचे उत्पन्न ठरविण्यासाठी गावोगावच्या देवस्थानांच्या मिळकतींच्या नोंदवह्या केल्या गेल्या. त्यांना फोराल म्हणतात. साष्टीचा १५६७ च्या सुमाराचा फोराल आज पाहिला म्हणजे कोणत्या गावी कोणते दैवत होते व त्याची जमीन कोणती, हे कळते. हे दप्तर भाविकांसाठी लिहिलेले नव्हते, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक. गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला तो १५९५ साली, आणि दियोगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी या दप्तरखान्यात आयुष्य वेचले आणि १९५५ साली तेथील संग्रहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे ज्याला ज्याला या दप्तरात शिरावयाचे, त्याने त्याने या एका पुरुषाच्या श्रमाचा लाभ घेतला आहे. त्याची वर्गणी कोणी भरली?

याखेरीज गावकरीची दप्तरे आहेत. गोव्यातील प्रत्येक जुन्या गावात गावकरांचे वांगड ठरलेले, आणि गावाच्या उत्पन्नातील जण घेणाऱ्यांची नावनिशी ठेवावी लागे. देवस्थानांसाठी १९३३ साली जी नियमावली झाली तिच्यान्वये महाजनांच्या याद्या ठेवल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नागरी नोंदी आहेत. या सर्वांत एक उणीव मात्र ठळक दिसते: गावकरी काय नि महाजनकी काय, दोन्ही पुरुषांच्या. स्त्री तेथे क्वचितच येते, आणि आली तर बहुधा कोणाची तरी पत्नी वा विधवा म्हणून. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांना नावानिशी पिंड मिळतो. दप्तरात त्यांना एक ओळही मिळू नये, ही लज्जेची गोष्ट म्हटली पाहिजे.

आता या दप्तरांतून नाव शोधावयाचे कसे? पोर्तुगीज लेखकाने शेणवी हा शब्द सिनाई असा लिहिला, प्रभू याचा पोरोबो केला, भट याचा बोतु, कामत याचा कामोतीम. त्यातून घाटावर गेलेल्या शाखेने गावावरून नवे आडनाव घेतलेले, आणि समुद्रकाठाने दक्षिणेस गेलेल्या शाखेने पै किंवा नायक एवढेच राखलेले. घरातील मराठी कागद असतील ते मोडीत, आणि गोव्यातील काही जुने लेख गोयकानडी लिपीत. अशा स्थितीत संगणकास आजचे आडनाव देऊन त्याने चार शतकांची मालिका काढून द्यावी, ही अपेक्षाच भाबडी होय.

वर्गणी घेणाऱ्या संस्थांपाशी आहे तरी काय, हे पाहणे उचित ठरेल. अँसेस्ट्री ही अमेरिकन कंपनी १९९६ पासून इंटरनेटवर आहे, आणि तिचे भांडार मुख्यत्वे अमेरिका व युरोप येथील जनगणना, चर्चच्या नोंदी व जहाजांच्या याद्या यांचे. फाइंडमायपास्ट या इंग्रज संस्थेने २०१४ साली ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. परंतु ते बाप्तिस्मे, विवाह, दफने व निवृत्तिवेतने प्रायः हिंदुस्थानात आलेल्या युरोपियनांची व त्यांच्या वंशजांची आहेत. ज्याचा पूर्वज कंपनी सरकारचा गोरा अधिकारी होता त्याने ती वर्गणी अवश्य भरावी. त्यानेही आधी फिबिस या मंडळाची विनामूल्य सूची पाहून घ्यावी हे बरे. काणकोण, खानापूर किंवा निपाणी येथील कुटुंबास मात्र तेथे बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागेल. या संकेतस्थळांवर सभासदांनी स्वतः चढविलेल्या वंशावळी असतात खऱ्या. पण एकाने ऐकीव नाव घातले की दहा जण ते उतरून घेतात, आणि दहा ठिकाणी दिसल्यामुळे अकराव्यास ते सिद्ध वाटते. काही ठिकाणी तर आपणच आपल्या घरची नावे द्यावी आणि आपल्याच भाऊबंदांनी ती पैसे भरून पाहावी, असा चमत्कारिक प्रकार चालतो.

कायद्याने या बाबतीत जी कसोटी लावली ती इतिहासाच्या अभ्यासकानेही लावावी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मृत व्यक्तीचे नात्याविषयीचे कथन ग्राह्य धरले ते दोन अटींवर: सांगणाऱ्यास ते जाणण्याचे विशेष साधन असावे, आणि कथन तंटा उद्भवण्यापूर्वीचे असावे. २०२४ च्या जुलैपासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी हे तत्त्व त्यात कायम आहे. शुल्काचा प्रश्न या कसोटीत कोठेच येत नाही.

विनामूल्य म्हणतात त्याचाही खर्च कोणीतरी सोसलेला असतो. अमेरिकेतील युटा प्रांतात १८९४ साली तेथील मॉर्मन पंथाने वंशावळ संस्था काढली. १९३८ पासून तिने देशोदेशींच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली, आणि सुमारे चोवीस लाख फितींचे संगणकीय रूपांतर २०२१ साली पुरे केले. फॅमिलीसर्च या नावाने हे भांडार १९९९ पासून इंटरनेटवर आहे व त्यास वर्गणी नाही. काही चित्रे तेवढी त्यांच्या केंद्रांत जाऊन पाहावी लागतात. एवढा व्यय ते का करतात? त्यांच्या पंथात मृत पूर्वजांच्या नावे जिवंतांनी संस्कार करण्याचा विधी आहे आणि त्यासाठी नावे हवीत. पितरांना नावानिशी तर्पण करणाऱ्यांना ही भावना अपरिचित वाटू नये. मात्र आपल्या घरची नावे तेथे लिहिणाऱ्याने तो उद्देश जाणून लिहावीत.

मग द्रव्य खर्चूच नये काय? खर्चावे, पण ते योग्य जागी. २०२३ साली महाराष्ट्रात न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या जुन्या दप्तरांत नोंदी होत्या, पण त्या वाचणारे मोडीज्ञ पुरेसे नव्हते. ज्या एका ओळीवर नातवाचा दाखला अवलंबून, ती ओळ समोर असून वाचता येत नाही, अशी अवस्था पुष्कळांची झाली. कागद विनामूल्य होता. दुर्मिळ होते ते अक्षर लावणारे डोळे. एका वर्षाच्या वर्गणीच्या रकमेत माळ्यावरच्या पेटीतील कागदांची छायाचित्रे घेववतील, एखाद्या मोडी जाणणाऱ्याचे मानधन निघेल, दप्तरखान्यातून आवश्यक त्या पृष्ठांच्या प्रती मिळतील. पेटीतील कागद मात्र तोवर वाळवीची वर्गणी भरीतच असतात.

अशा योग्य खर्चाचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे तीर्थोपाध्यायास दिलेली दक्षिणा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथील उपाध्यायांच्या वह्या गाव व कुळ यांवरून लावलेल्या असतात. यात्रेकरू येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो. उपाध्याय बासन सोडतो आणि पणजोबाने अस्थिविसर्जनास येऊन केलेली सही समोर येते. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे युटाच्या त्या संस्थेने १९७७ पासून घेतली आणि ती आता घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. परंतु चित्रात शोध घेणाऱ्यास गावाचे नाव कोणत्या अक्षरात, कोणत्या पानावर, हे सांगणारा कोणी नसतो. शिवाय वहीचे काम केवळ दाखविण्याचे नाही. दक्षिणा हाती पडल्यावर उपाध्याय वही मिटीत नाही. कोरी जागा पाहून लेखणी पुढे करतो आणि विचारतो, या खेपेस कोण आले, बरोबर कोण आहे, घरी मुले किती, सुना कोणत्या घरच्या, नातवंडांची नावे काय.