कूरियेरची खाण आणि दोन शेजारी

फ्रान्स आणि जर्मनी हे दोन शेजारी पाऊणशे वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले. पहिले युद्ध १८७० चे, दुसरे १९१४ चे आणि तिसरे १९३९ चे. या लढायांचे नकाशे शाळेच्या पुस्तकांतून आपण पाहिलेले असतात. मी आज आपल्यापुढे एक कोळशाची खाण मांडणार आहे. या वैराचा हिशेब मला तहांच्या कलमांपेक्षा त्या खाणीत अधिक स्वच्छ वाचता आला, एवढेच त्याचे कारण.

उत्तर फ्रान्समध्ये लान्स नावाचे शहर आहे. त्याच्या आसपास कूरियेर कंपनीच्या खाणी होत्या. १० मार्च १९०६ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जमिनीखाली कोळशाच्या धुळीचा भडका उडाला आणि तो मैलोगणती बोगद्यांतून पसरला. १,०९९ माणसे मेली. त्यांत चौदा-पंधरा वर्षांची पोरेही होती. एका थरात आग धुमसत आहे हे आधीच ठाऊक झाले होते, आणि ती विझेपर्यंत माणसे खाली उतरवू नयेत असे कामगारांच्या प्रतिनिधीने बजावलेही होते. तरी माणसे उतरली. पाळी चुकली तर मजुरी बुडते, हे इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी गिरणीचा भोंगा ऐकला आहे त्यांना मी सांगावयास नको.

तीन दिवसांत शोध आटोपता घेण्यात आला. कंपनीला माणसांपेक्षा कोळशाच्या थरांची काळजी अधिक, असा कामगारांचा उघड आरोप होता. आणि मग ३० मार्चला, म्हणजे वीस दिवसांनी, तेरा माणसे अंधारातून चाचपडत आपल्या पायांनी वर आली. घोड्याचे मांस खाऊन ती जगली होती. पुढे काही दिवसांनी आणखी एक माणूस जिवंत निघाला. त्यांना पाहून खाणवस्तीत आनंद झाला असेल, पण त्याहून मोठा संताप झाला. आणखी किती जण भिंतीपलीकडे जिवंत होते, हा प्रश्न प्रत्येक घरात होता. संप आधीच भडकला होता. तो दडपण्यासाठी गृहमंत्री क्लेमांसो यांनी हजारो सैनिक धाडले. हेच क्लेमांसो पुढे १९१७ मध्ये फ्रान्सचे युद्धकालीन पंतप्रधान झाले.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. स्फोटानंतर दोनच दिवसांनी जर्मनीच्या वेस्टफालिया भागातून, हेर्ने आणि गेल्सेनकिर्खेन इथल्या खाणींतून, सुमारे पंचवीस जणांचे एक मदतपथक तिथे येऊन दाखल झाले. विषारी वायूतही श्वास घेता येईल अशी उपकरणे त्यांच्याजवळ होती; ती वापरण्याचा सराव फ्रेंच खाणींत तेव्हा नव्हता. त्यांनी फार जीव वाचविले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वाट्याला आली ती मुख्यतः प्रेते. पण तो काळ लक्षात घ्या. १८७१ च्या तहाने जर्मनीने फ्रान्सकडून आल्सास आणि लोरेनचा मोठा भाग तोडून घेतला होता, पाच अब्ज फ्रँकची खंडणी वसूल केली होती, आणि तो सल फ्रेंच मुलांना शाळेत पाजला जात होता. त्यातच, पथक आले त्याच महिन्यात, मोरोक्कोच्या भांडणावरून या दोन देशांची खडाजंगी स्पेनमधील अल्खेसिरास इथे चालू होती. अशा वेळी जर्मन माणसे फ्रेंच खाणीत उतरली, आणि खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांनी त्यांना वाट दिली. खाली वायू भरला की वर कोणाचा झेंडा आहे याची चौकशी खाणकामगार करीत नाही.

पुढची आठ वर्षे युरोपातील कामगार पुढाऱ्यांनी या बंधुभावाचे ठराव केले. १९०७ साली श्टुटगार्टला, १९१२ साली बाझलच्या थोरल्या चर्चमध्ये. ते ठराव खोटे होते असे म्हणणारांत मी नाही. २९ जुलै १९१४ रोजी ब्रुसेल्सच्या सभेत फ्रेंच पुढारी झाँ झोरेस आणि जर्मन पुढारी हासे एकाच व्यासपीठावर उभे होते. दोनच दिवसांनी, ३१ जुलैच्या रात्री, पॅरिसच्या एका उपाहारगृहात झोरेस जेवत असता एका माथेफिरू देशभक्ताने त्यांना गोळ्या घातल्या. ४ ऑगस्टला पॅरिसमध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली, तिथे फ्रेंच कामगार संघाच्या सरचिटणीसांनी युद्धाला पाठिंबा दिला. त्याच दिवशी बर्लिनच्या संसदेत जर्मन समाजवादी पक्षाने युद्धकर्जाला एकमुखी मत दिले. पक्षाच्या बैठकीत चौदा जण विरुद्ध होते, पण शिस्त म्हणून तेही गप्प बसले. पक्षाचे निवेदन वाचून दाखविण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते हासे स्वतः त्या चौदांतलेच! कार्ल लीबक्नेख्ट यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले, ते २ डिसेंबरला.

यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक ठिकाणी शब्द येतो विश्वासघात. मला स्वतःला त्याहून एक बारीक गोष्ट अधिक बोचते. संसदेतले मतदान व्हायच्या दोन दिवस आधी, २ ऑगस्टला, जर्मन कामगार संघांच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन चालू संप थांबविण्याचा निर्णय करून टाकला होता. त्या संघांचे सभासद लाखोंनी होते, स्वतःच्या इमारती होत्या, छापखाने होते, संपनिधी होता, पगारी कार्यकर्ते होते. विरोध केला तर सरकार एका रात्रीत हे सारे जप्त करील, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हती. ज्याने पावत्या फाडून, दारोदार वर्गणी गोळा करून संघटना उभी केली आहे त्याला त्या भीतीचे वजन कळते. कचेरी वाचली. पण ज्यांच्या चार-चार आण्यांवर ती उभी राहिली होती ते गाडीत बसून सरहद्दीकडे निघाले होते. साध्या कामगाराला मी दोष देत नाही. त्याच्या हाती हुकूम आला, जर्मनाला झारच्या स्वारीचे भय घातले गेले, फ्रेंचाच्या शेतात तर शत्रू खरोखरच येऊन उभा राहिला. त्याने विचार करावा इतका अवधी कोणी त्याला दिलाच नाही.

ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन सैन्याने लान्स घेतले आणि चार वर्षे तो मुलूख ताब्यात ठेवला. आठ वर्षांपूर्वी जिथे जर्मन खाणकामगार प्रेते काढावयास उतरले होते, त्या परिसरातील खाणींची यंत्रे मोडली गेली, पाळणे उडविले गेले, बोगद्यांत पाणी सोडले गेले. तिथून उत्तरेस दहाबारा मैलांवर न्यव शापेल नावाचे खेडे आहे, आणि तिथे आपलाही संबंध येतो. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्या खेड्यावर ज्यांनी हल्ला केला त्यांत पुण्याजवळच्या खडकी छावणीतील सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या. पूल बांधणारे, खंदक खणणारे हे कसबी लोक. त्यांना संगिनी देऊन पुढे पाठविले आणि त्यांची भयंकर हानी झाली. पुढे १० मार्च १९१५ रोजी, म्हणजे कूरियेरच्या स्फोटाला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, तिथेच मोठी लढाई जुंपली. त्या खेड्याच्या बाहेर १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात तिसऱ्याच्या घरातील मुले अशी जातात.

मेलेल्यांचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत: फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक, जर्मनीचे वीस लाखांच्या आसपास. झोरेस यांचा एकुलता मुलगा लुई १९१८ च्या जूनमध्ये आघाडीवर पडला. १९१९ साली त्यांच्या मारेकऱ्याला पंचांनी निर्दोष सोडले, आणि खटल्याचा खर्च झोरेस यांच्या विधवेवर लादला. युद्धाने माणसांचे काय केले ते पाहावयास मला तो एक निकाल पुरतो. बारा सामान्य नागरिक, त्यांतला कोणीही राक्षस नसेल.

मग पाळी उलटली. लान्सच्या खाणी बुडविल्या होत्या, तेव्हा जर्मनीने कोळसा भरून द्यावा ही फ्रान्सची मागणी अन्यायाची नव्हती. पण भरणा कमी पडला म्हणून ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूर खोऱ्यात शिरले. रूर म्हणजे हेर्ने आणि गेल्सेनकिर्खेन यांचाच प्रदेश. ३१ मार्चला एसेनमधील क्रुप कारखान्यात फ्रेंच तुकडीने जमावावर गोळीबार केला; तेरा कामगार ठार झाले. त्या गोळ्यांचा फायदा जर्मनीत कोणाला झाला ते दहा वर्षांनी साऱ्या जगाने पाहिले.

आल्सासची कथा वेगळी सांगावी लागेल. पहिल्या महायुद्धात तिथले व लोरेनचे सुमारे ३ लाख ८० हजार तरुण जर्मन गणवेशात लढले, कारण कायद्याने ते जर्मन प्रजाजन होते. तो मुलूख फ्रान्सकडे परत आल्यावर गावोगावच्या लोकांपुढे प्रश्न पडला की स्मारकावर लिहावयाचे काय? ‘फ्रान्ससाठी धारातीर्थी पडले’ असे लिहिणे खोटे होते. स्ट्रासबुर्गला १९३६ साली जे स्मारक उभारले त्यात एक आई आहे आणि तिच्या मांडीशी मरणोन्मुख दोन मुले. एक या बाजूने लढला, दुसरा त्या. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली एवढेच लिहिले आहे: आमच्या मृतांस. चारच वर्षांनी जर्मन सैन्य पुन्हा शहरात आले, आणि १९४२ पासून आल्सास व मोझेल इथल्या सुमारे १ लाख ३० हजार तरुणांना सक्तीने त्या सैन्यात भरती केले गेले.

लान्सच्या खाणपट्ट्यातही तेच सैन्य परतले. परंतु २७ मे १९४१ रोजी त्या पट्ट्यातील मोंतिन्यी इथे खाणकामगारांनी काम बंद केले. साबण आणि पोटापुरते अन्न मिळावे एवढी त्यांची मागणी होती. संप पसरत पसरत एक लाख माणसांपर्यंत गेला. दोनशेहून अधिक जणांना झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत पाठविण्यात आले आणि त्यांतले बरेचसे परतले नाहीत. १९४५ नंतर त्याच खाणींत जर्मन युद्धकैदी कोळसा काढीत होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा व्यवहार एका समाईक सत्तेखाली आणण्याच्या करारावर सह्या केल्या. या योजनेचे पुरस्कर्ते रोबेर शूमान हे मूळचे लोरेनच्या घराण्यातले; पहिले महायुद्ध संपेपर्यंत ते कायद्याने जर्मन नागरिक होते आणि पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले. भांडवलदारांचा हा सौदा आहे अशी टीका तेव्हा आमच्या चळवळीतील कित्येकांनी केली आणि तिच्यात तथ्यही होते. पण ज्या कोळशासाठी रूरमध्ये सैन्य घुसले होते, त्याचा हिशेब त्यानंतर टेबलावर होऊ लागला.

उत्तर फ्रान्सच्या खाणपट्ट्यातील शेवटची खाण २१ डिसेंबर १९९० रोजी बंद झाली. जर्मनीची दगडी कोळशाची शेवटची खाण रूरमधील बोट्रोप इथे २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. हेर्ने आणि कूरियेरच्या खाणपट्ट्यातील एनँ-बोमाँ ही दोन शहरे एव्हाना भगिनी-शहरे झालेली होती.