पायलीचे किलो किती?

दापोली तालुक्यातल्या मुरुड-हर्णै पट्ट्यात जुन्या घरात कार्य निघालं की वडीलधारी मंडळी तांदळाचं प्रमाण शेर-पायलीत सांगतात. दुकानदार किलोशिवाय बोलत नाही. तिथेच गाडं अडतं. पायलीचे किलो किती, याला एकच एक उत्तर नाही, कारण पायली वजनासाठी जन्मलीच नाही.

ती जन्मली खळ्यावर. तराजू वाण्याकडे नि सोनाराकडे. भात झोडून झालं की रास मोजायला माप. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्यावर मण, आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सगळा हिशेब दुपटीचा, म्हणून अक्षरओळख नसलेल्या कुळालाही तो तोंडपाठ. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. पुढे दोन, तीन. माप राशीत खुपसून भरायचं, उचलायचं, आणि वर शीग ठेवायची की तळहाताने काठासरशी सपाट करायची हे आधीच ठरलेलं. ठरल्या मक्त्याचं भात खोताला घालणाऱ्या कुळाला ही शीग फार महागात पडे.

शिगेचा प्रश्न पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात माप वाळलेल्या टणक लाकडाचं करावं आणि त्याची शीग चौथा हिस्सा धरावी असं सांगितलं आहे. त्याहून बोलका तपशील द्रोणाचा. सरकारी वसुलीचा द्रोण २०० पळं उडदाचा, व्यवहारातला १८७॥ पळांचा, चाकरांना वाटायचा १७५चा, अंतःपुरातल्या वाटपाचा १६२॥चा. नाव एक, मापं चार. घेताना मोठं, देताना लहान. ‘मापात पाप’ ही तक्रार किती जुनी आहे ते यावरून कळतं.

म्हणूनच आपल्याकडे ‘कैली’ आणि ‘वजनी’ असा भेद पडला. कैली शेर भांड्याचा, आणि तो गावोगाव वेगळा. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६चा वजनमापांचा कायदा आला, १ ऑक्टोबर १९५८पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात शिरला, आणि दोन्ही शेर व्यवहारातून उठले. त्याआधीच, १९४९च्या कायद्याने, खोतीही गेली होती.

स्वयंपाकघरातून मात्र माप गेलं नाही, आणि याचं कारण सवय एवढंच नव्हे. भाताला पाणी लागतं, आणि ते भांड्यानेच मोजायला सोपं. एक वाटी तांदूळ, त्याच वाटीने दोन वाट्या पाणी. वाटी केवढी, याने काही बिघडत नाही. जपानातही हेच झालं. तिथे सरदारांची दौलत ‘कोकु’ या तांदळाच्या मापात मोजत. कोकुचा हजारावा भाग ‘गो’, १८० मिलिलिटरचा. विजेच्या भातकुकरबरोबर येणारी छोटी पेली ती हीच. तिच्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो.

म्हणजे सपाट भरलेल्या लिटरभर मापात तांदूळ साधारण ८०० ते ८५० ग्रॅम. त्याच मापात भात भरलं तर तुसामुळे वजन पाऊणपटीच्याही खाली येतं, आणि पोहे तर त्याहून किती तरी हलके. आखूड दाणा दाटून बसतो, लांब दाण्यात पोकळी राहते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, म्हणून वजन बरोबर असलं तरी नव्या तांदळाचा भात त्याच पाण्यात गिच्च होतो.

तेव्हा आजीचं प्रमाण किलोत उतरवायचं तर आधी आजीचाच शेर शोधावा. त्यात जो तांदूळ रांधायचा तोच सपाट भरून काट्यावर ठेवावा, मग शीग लावून पुन्हा ठेवावा. दोन्ही आकडे तांदळाच्या नावासह, नवा की जुना ते लिहून, डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावेत. कोलम बदलून उकडा आणला की नवी चिठ्ठी करावी.